महादजींचा शेवटचा ताप

श्रीगोंद्यात पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणे हमखास दाखवली जातात. एक संत शेख महंमदांचे स्थान आणि दुसरा शिंद्यांचा वाडा. चांभारगोंदे हे गावाचे जुने नाव. शिंद्यांच्या जहागिरीचे हे गाव महादजींच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांची लढाई आणि राजकारण आपण शाळेत शिकलो. त्यांचे शेवटचे आजारपण मात्र एका ओळीत उरकले जाते: १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत तापाने निधन. वय साठीच्या पुढे.

कसला ताप? आजच्या डॉक्टरला हाच प्रश्न पहिला पडेल. पण तो आधी ताप बाजूला ठेवून माणसाची कहाणी विचारेल, आणि महादजींची कहाणी मोठी आहे.

राणोजी शिंद्यांचा हा मुलगा १७६१ मध्ये पानिपतावर लढला. पळतीत एका अफगाण स्वाराने गाठून त्यांच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले, मोठ्या पदाला चढवले. पाय मात्र जन्मभर अधू राहिला. त्यानंतरची तीसेक वर्षे छावण्यांत गेली. १७७२ मध्ये शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले, १७८२ मध्ये सालबाईचा तह घडवला, १७८४ मध्ये बादशाहीची वकील-इ-मुतलकी मिळवली. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा वावर करून १७९२ च्या जूनमध्ये ते पुण्यात आले. त्यानंतर पावणेदोन वर्षांतच हा ताप.

आता तपासणी. कारण न सापडणाऱ्या तापाची व्याख्या १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी केली: तीन आठवड्यांहून अधिक काळ, वारंवार १०१ फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि आठवडाभर रुग्णालयात तपासूनही कारण न सापडणारा ताप. महादजींचे दुखणे इतके लांबले नाही. म्हणजे पुस्तकी अर्थाने ते या व्याख्येत बसत नाही. तरीही विचाराची वाट तीच.

ऋतू पाहा. माघातला गारठा, पुण्यात डास कमी. पण व्हायव्हॅक्स मलेरियाचे परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतात आणि नंतर उलटतात. त्यामुळे हिवताप यादीत राहतो, वर मात्र नाही. टायफॉइड? तो पायरीपायरीने चढतो आणि तरुणांत जास्त दिसतो. थंडीतली दाटीवाटीची छावणी म्हटली की उवांतून पसरणारे ताप आठवावे लागतात. लष्करांना त्यांनी तोफांइतकेच छळले आहे. आणि सर्वांत साधी शक्यता न्यूमोनियाची. या वयात, या ऋतूत मी तिला वर ठेवीन. म्हाताऱ्या माणसाला खोकला नसतो, छातीत कळ नसते, नुसते जेवण तुटते, बोलणे असंबद्ध होते. तापही बेताचाच असतो. पारा १०० वर गेला तरी तिथे गांभीर्याने घ्यावा लागतो.

मग तो जुना पाय. हाडापर्यंत गेलेल्या जखमेतला जंतुसंसर्ग तीस-चाळीस वर्षांनीही पुन्हा पेटू शकतो. त्यामुळे वृद्ध रुग्णाला जुनी इजा, जुनी शस्त्रक्रिया, लहानपणी घरात कोणाला क्षय होता का, हे विचारतातच. ताप खरोखर तीन आठवडे चालला असता तर क्षय, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, चालू असलेली औषधे आणि कानशिलाच्या धमनीची सूजही तपासावी लागली असती. नवी डोकेदुखी आणि चावताना दुखणारा जबडा ही त्या शेवटच्या आजाराची खूण. वेळीच ओळखला नाही तर दृष्टी जाते.

घातपाताची कुजबुजही झाली. बोट नाना फडणीसांकडे. तिला भक्कम पुरावा नाही, आणि वैद्यकीय बाजूनेही ती लंगडी वाटते. सोमलासारख्या विषाने आधी उलट्या-जुलाब होतात. नुसता जोराचा ताप हे त्याचे लक्षण नव्हे.

वानवडीच्या वैद्यांच्या हाती नाडी होती, जीभ होती, अनुभव होता. स्टेथोस्कोप १८१६ मधला, खिशात मावणारा तापमापक १८६० च्या दशकातला, मलेरियाचा परजीवी दिसला १८८० मध्ये. आज श्रीगोंद्यातल्या एखाद्या आजोबांना असा ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे होतो आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी कल्चरसाठी रक्त घेतले जाते. निदान घेतले जावे. आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते.

महादजींना मुलगा नव्हता. दौलत गेली पुतण्याचा मुलगा दौलतराव याच्याकडे, वय जेमतेम चौदा-पंधरा. सहा वर्षांत नानाही गेले आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले. वानवडीला जिथे दहन झाले, तिथे आज शिंदे छत्री उभी आहे.