अब्दुल्ला ससून आणि कुलाब्याची गोदी

मुंबईतील काळा घोडा या ठिकाणास ज्या पुतळ्यावरून नाव पडले, तो पुतळा शहरास देणारे सर आल्बर्ट अब्दुल्ला ससून दानशूर म्हणून सर्वश्रुत आहेत. आमच्या मते या गृहस्थांची योग्यता पुतळ्यावरून ठरवू नये. ती ठरवावयाची तर कुलाब्याच्या गोदीकडे पाहावे, आणि पेढीच्या वहीकडेही.

ससून १८१८ साली बगदाद येथे जन्मले. त्यांचे यहुदी वडील डेव्हिड ससून तेथील जुलमी अंमलास कंटाळून बाहेर पडले आणि पुढे मुंबईस स्थायिक झाले. १८६४ साली ते निवर्तल्यावर ज्येष्ठ पुत्र या नात्याने पेढीचा भार अब्दुल्लांकडे आला. ही पेढी रुईचा व्यापार करी, तशी चीनला अफूही पाठवी; आणि अफूचा नफा थोडाथोडका नव्हता. परक्या मुलुखातील संसार धुळीस मिळवून आलेला पैसा शाळांस दिल्याने शुद्ध होतो, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि खानदेशच्या व्यापाऱ्यांनी या चरित्राची दुसरी बाजूही पाहावी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव भडकले आणि त्याच सुमारास रेल्वे खानदेशात शिरली. जळगावचा गठ्ठा मुंबईस लवकर पोहोचू लागला खरा, पण पुढे अडे. जहाजे दूर पाण्यात नांगरलेली. गठ्ठे पडावांत भरावयाचे, तेथून पुन्हा वर चढवावयाचे. यात हमाली वाढे, माल भिजे, दिवस मोडत. हा खर्च अखेर शेतकऱ्याच्याच भावातून वजा होई, हे अडत्यांस सांगावयास नको.

यावरील उपाय विलायतेत जुना होता. कालव्यातील मालवाहू नाव दोन दरवाजांमध्ये कोंडून पाणी सोडले म्हणजे ती पायरी चढल्याप्रमाणे वर येते. बंदराच्या गोदीतही मर्म तेच: भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावे आणि दरवाजे लावावेत, बाहेर ओहोटी लागली तरी आतील पाणी जागचे हलत नाही आणि जहाज धक्क्याशी समपातळीत राहते. आपली रुई ज्या लिव्हरपूलला जाई, तेथे अशी गोदी १७१५ सालीच झाली होती. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक कित्येक फुटांचा. तरीही येथे ती होण्यास १८७५ साल उजाडले! कुलाब्यास समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ससूनांनी ती बांधविली. पश्चिम हिंदुस्थानातील ही पहिली पाणकोंडी गोदी होय. रुईचा बाजार तेव्हा कुलाब्यासच भरे, म्हणजे यात पेढीचा स्वार्थ उघड होता. पण ज्या स्वार्थाने चार परक्यांचाही माल सुखरूप चढतो, त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. त्या काळी कापसावर गबर झालेल्या कितीजणांनी सट्ट्यात सर्वस्व घालविले!

त्याच वर्षी सरकारी प्रिन्सेस डॉकचा पाया घातला गेला आणि १८८० साली ती गोदी खुली झाली. तत्पूर्वी, १८७९ साली, ससूनांची गोदी सरकारने विकत घेतली होती. बंदरासारखी सर्वांच्या उपयोगाची वस्तू एका पेढीच्या मुठीत राहिली नाही, हे उत्तमच झाले. ससून एव्हाना विलायतेस जाऊन राहिले होते. १८९० साली त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि १८९६ साली ब्रायटन येथे त्यांचा अंत झाला. त्याआधी दोनच वर्षे मँचेस्टरचा जहाजी कालवा खुला होऊन रुईची जहाजे दरवाजांच्या पायऱ्या चढत थेट गिरण्यांच्या शहरात जाऊ लागली होती.

कुलाब्याच्या गोदीत आता रुई चढत नाही; पहाटे मासेमारी नौका लागतात आणि कोळणी मासळीचा लिलाव करतात.