दोन उत्तरांचा विवेक : भास्कराचार्य

वाशी-नेरूळच्या शाळांतून वर्गसमीकरणाचा धडा सुरू झाला की विद्यार्थी मधल्या पदाची फोड करू लागतात. अमुक गुणाकार आणि तमुक बेरीज असलेल्या दोन संख्या शोधायच्या, अवयव पाडायचे आणि दोन उत्तरे लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. मात्र त्या दोहोंपैकी कोणते उत्तर खरे मानायचे, याचा विचार सह्याद्रीच्या परिसरातील एका आचार्याने सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता. ते आचार्य म्हणजे भास्कराचार्य.

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. ज्योतिषशास्त्रात पारंगत असलेले वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचे विज्जलविड हे आपले गाव, असे भास्कराचार्यांनीच नोंदवले आहे. मात्र ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग.

वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीतीला ‘बीजगणिता’त मध्यमाहरण म्हटले आहे. आजचा विद्यार्थी मधले पद फोडतो, तर आचार्य वर्ग पूर्ण करून ते पदच नाहीसे करत. ही रीत आपली नव्हे, श्रीधराची, हे सांगण्यास ते विसरले नाहीत. ब्रह्मगुप्त आणि पद्मनाभ यांचे ऋणही त्यांनी मानले.

त्यांची उदाहरणे मोठी रसाळ. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तितकी माकडे रानात बागडत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती? आजच्या भाषेत, क्षचा वर्ग वजा ६४ क्ष अधिक ७६८ बरोबर शून्य. ६४ ची निमपट ३२, तिचा वर्ग १०२४; त्यातून ७६८ वजा केले की २५६ उरतात आणि त्याचे वर्गमूळ १६. बत्तिसात १६ मिळवले की ४८, वजा केले की १६. अवयव पाडले तरी हीच उत्तरे येतात. आचार्यांनी दोन्ही स्वीकारली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली आणि एकच बाहेर फांदीवर दिसते. येथे उत्तरे ५० आणि ५. आकड्यांच्या हिशेबात दोन्ही चोख. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केल्यास ऋण संख्या उरते. ऋण माकडांवर लोकांचा विश्वास बसणार नाही, म्हणून आचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही अखेरचा निवाडा त्यांनी व्यवहारावर सोपवला.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेले, तर नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याची साक्ष देणारा १२०७ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

‘लीलावती’चे १५८७ मध्ये आणि ‘बीजगणिता’चे १६३४ मध्ये फारसी भाषांतर झाले. लीलावती ही त्यांची कन्या आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रामुळे हुकला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला आचार्यांच्या ग्रंथांत आधार नाही. आधार आहे तो त्यांच्या गणिताला. शाब्दिक उदाहरणातील ऋण उत्तरावर काट मारताना आजचा विद्यार्थी नकळत त्यांचाच विवेक वापरत असतो.