स्वामीजी आणि वसतिगृहातले गीत

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट वसतिगृहाच्या खिडकीखाली उभे राहून समूहगीत गातात. प्रेम किंवा सन्मान व्यक्त करण्याची ती जुनी प्रथा. निझामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र १९३८ मध्ये वसतिगृहातील समूहगीताची किंमत शेकडो विद्यार्थ्यांना मोजावी लागली. त्या पिढीला त्यागाची वाट दाखविणाऱ्यांत अग्रणी होते ते बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे एक मुख्याध्यापक, स्वामी रामानंद तीर्थ.

व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. टिळक विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला; पण हा संन्यासी मठात न रमता वर्गातच राहिला. १९३५ मध्ये, तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी स्वीकारली.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. ते गजाआड असतानाच औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' घुमू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थी नमले नाहीत. शेकडोंना काढून टाकण्यात आले. पदवी तोंडावर आलेली, घरची परिस्थिती बेताची, परत जावे तर गीत सोडावे लागणार, असा पेच होता. अखेर नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच चळवळीतले.

या चळवळीची सूत्रे स्वामीजींच्या हाती नव्हती. पण शिक्षकाने खुर्ची सोडली आणि विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, ही एकाच वर्षातील दोन घटनांची सांगड मराठवाडा विसरलेला नाही. पुढे मुक्तिलढ्याचे नेतृत्व करताना स्वामीजींना पुन्हा कारावास घडला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. नंतर ते लोकसभेवरही निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

आज नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव मिरवते. तेथील वसतिगृहांत आता कुणी गाणे म्हटले, तर नाव कापले जाण्याची धास्ती नसते. हे स्वातंत्र्य कुणी मिळवून दिले, याची जाणीव तेवढी त्या सुरांत असावी.