हुगळीतीरावरील शिक्षिका : हन्नाबाई मार्शमन

विमानाने कोलकात्यास जाणारा प्रवासी डमडम येथे उतरतो आणि तेथून थेट शहराकडे वळतो. वायव्येस, हुगळी नदीच्या पलीकडच्या तीरावर, एक गाव आहे. तिकडे वाट वाकडी करणारे थोडेच. त्या गावाचे नाव श्रीरामपूर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. परंतु मराठी ख्रिस्ती वाचकाचे त्या बंगाली गावाशी जुने ऋणानुबंध आहेत. कारण १८११ साली मराठी नवा करार तेथेच छापला गेला.

या कार्याची आठवण निघाली की विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड ही तीन नावे आपण आदराने घेतो. तो आदर योग्यच आहे. परंतु त्यांच्याच बरोबरीने एक चौथे नाव घ्यावयास हवे, आणि ते बहुधा राहून जाते. ते नाव म्हणजे जोशुआ मार्शमन यांच्या पत्नी हन्नाबाई.

हन्नाबाईंचा जन्म १७६७ साली इंग्लंडात झाला. माहेरचे आडनाव शेफर्ड. लहानपणीच त्या पोरक्या झाल्या. त्यांचे आजोबा जॉन क्लार्क हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते; पुढे त्यांचेच नाव हन्नाबाईंनी आपल्या थोरल्या मुलास ठेवले. १७९१ साली त्यांचा विवाह जोशुआ मार्शमन यांच्याशी झाला. जोशुआ हे मूळचे विणकर, पण वाचनाचे विलक्षण वेड असलेले. १७९४ साली ते ब्रिस्टल शहरातील मंडळीच्या शाळेत शिक्षक झाले. अशा रीतीने शाळा हेच या दांपत्याचे जीवन झाले.

ऑक्टोबर १७९९ मध्ये ते हिंदुस्थानात आले. ईस्ट इंडिया कंपनीस आपल्या मुलखात मिशनरी नको होते. डमडमला कंपनीच्या तोफखान्याची छावणी होती आणि श्रीरामपूरच्या समोरच्या तीरावर बराकपूरचे सैन्य. परंतु श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते व तेथील गव्हर्नरने या मंडळींना आश्रय दिला. सोबत्यांपैकी एक जण काही दिवसांतच मरण पावला. जानेवारी १८०० मध्ये केरी आपले कुटुंब घेऊन तेथे येऊन मिळाले. सर्वांनी एकाच आवारात राहावे, एका पंक्तीस जेवावे आणि प्रत्येकाची कमाई एकाच थैलीत पडावी, असे ठरले.

थैली तर ठरली. पण तीत पडावयाचे काय? हा प्रश्न सोडविण्यात हन्नाबाईंचा वाटा मोठा होता. मे १८०० मध्ये मार्शमन पतिपत्नींनी युरोपियन मुलामुलींसाठी बोर्डिंग शाळा सुरू केली. मुलांची जबाबदारी जोशुआंकडे, मुलींची हन्नाबाईंकडे. शाळेचा लौकिक झपाट्याने वाढला आणि फीचे उत्पन्न हा मिशनचा मोठा आधार झाला. केरींना १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकविण्याचे वेतन मिळू लागले. वॉर्ड छापखाना सांभाळीत. या तीन झऱ्यांच्या पाण्यावर भाषांतराचे शेत पिकले. केरींचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी कोश १८१० साली निघाला. या कामी वैजनाथ पंडितांचे साहाय्य झाले. पंचानन कर्मकार यांनी छापखान्यासाठी खिळे घडविले. पण पंडितांचे वेतन, कागद आणि शाई यांसाठी पैसा लागतोच. त्या पैशाचा काही भाग हुगळीतीरावरच्या एका शिक्षिकेने मुलींना धडे देऊन मिळविलेला होता. भाषांतरकार म्हणून मला ही गोष्ट विसरता येत नाही.

हन्नाबाईंचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना करून पाहा. वर्गात शिकवावयाचे, बोर्डिंगातील मुलींची देखरेख करावयाची आणि मोठ्या पंक्तीचा स्वयंपाक व हिशेब पाहावयाचा. त्यातच केरींच्या पत्नी डॉरोथीबाई मनोविकाराने ग्रासलेल्या होत्या. १८०७ साली त्यांचा अंत झाला. केरी भाषांतरात बुडालेले. त्यांच्या चार मुलांकडे लक्ष देण्यास कोणी नव्हते. ती मुले हूड व बेशिस्त झाली होती. हन्नाबाईंनी आणि वॉर्डसाहेबांनी त्यांना जवळ केले, वळण लावले. हन्नाबाईंना स्वतःस बारा अपत्ये झाली. त्यांतील कित्येक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शमुवेलाच्या आईचे नाव धारण करणाऱ्या या स्त्रीने आपल्या व परक्या लेकरांत भेद केला नाही.

हे काम केवळ युरोपियन मुलांपुरते राहिले असते, तर आपण त्यास अपुरे म्हटले असते. परंतु तसे झाले नाही. १८१० साली कलकत्त्यात गरीब ख्रिस्ती मुलांसाठी बिनखर्चाची शाळा निघाली. बंगाली मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवावे, हा आग्रह जोशुआंनी धरला. १८१८ पर्यंत आसपासच्या गावांत अशा शंभरावर शाळा झाल्या होत्या. त्याच वर्षी श्रीरामपूर कॉलेजची स्थापना झाली. मुलीने अक्षर गिरविले तर ती विधवा होईल, असा समज रूढ होता, त्या काळी हन्नाबाईंनी बंगाली मुलींच्या शिक्षणासही हात घातला. पुढे आपल्या अहमदनगरात सिंथिया फरार बाईंनी हेच कार्य केले. त्यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली.

वाचकहो, एवढ्या श्रमाचे फळ म्हणून त्यांच्या वाट्यास काय आले? संशय. विलायतेतील सोसायटीला व तिच्या काही तरुण मिशनऱ्यांना श्रीरामपूरची इमारत, शाळा आणि पंक्ती पाहून वाटले की, मार्शमन कुटुंब श्रीमंतीत राहते. मालमत्ता कोणाची, यावरून वाद पेटला आणि १८२७ साली श्रीरामपूर व सोसायटी विभक्त झाली. ज्या शाळेच्या उत्पन्नावर सेवाकार्य उभे होते, तीच आरोपाचे कारण ठरली. दहा वर्षांनी समेट झाला. परंतु त्याची वार्ता हिंदुस्थानात पोहोचण्यापूर्वीच, डिसेंबर १८३७ मध्ये, जोशुआंनी डोळे मिटले. वॉर्ड १८२३ मध्ये आणि केरी १८३४ मध्ये गेले होते. चौघांपैकी हन्नाबाई तेवढ्या मागे उरल्या. त्या मायदेशी परतून राहिल्या नाहीत. १८४५ साली डेन्मार्कने ते गाव इंग्रजांस विकले, तेही त्यांनी पाहिले. १८४७ साली, सुमारे ऐंशी वर्षांच्या वयात, श्रीरामपुरातच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या नावावर ग्रंथ नाही, कोश नाही. आपल्यापैकी अनेकांची आईवडिलांची पिढी मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तेथे कोणी बाई पहाटे मुलींना उठवीत, त्यांच्या वेण्या घालीत, पाढे म्हणवून घेत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात हिशेब लिहीत. मंडळीच्या इतिहासात पाळकांची नावे क्रमवार सापडतात. या बाईंचे नाव सापडेलच असे नाही. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना ते विचारून घ्या आणि मंडळीच्या वहीत लिहून ठेवा. आणि आज तुमच्या गावात अशी कोणी शिक्षिका सेवा करीत असेल, तर तिच्या कामास दुय्यम लेखू नका. मराठी नव्या कराराचे पहिले पान छापले गेले, तेव्हा त्याच्या पाठीशी अशाच एका बाईंची शाळा उभी होती.