पंडिता रमाबाई आणि सेवकाची वही

गेल्या पावसाळ्यात ठाण्याजवळील घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात आम्हांस दोन दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका उपदेशक बंधूने रात्री जेवण झाल्यावर आपली वही आम्हांपुढे ठेवली. कोणत्या घरी किती तांदूळ दिले, कोणाच्या औषधास किती रुपये लागले, हे तिच्यात नीट मांडलेले होते. परंतु त्याच पानांवर, त्याच शाईने, कोणत्या घरी नवरा दारू पिऊन मारतो, कोणत्या मुलीचे लग्न का मोडले, कोणास कोणता रोग जडला आहे, हेही लिहिले होते. आणि ती वही दिवसभर खिडकीत पडलेली असे. वही ठेवण्यात आपले काही चुकते काय, असे त्या बंधूने फार नम्रपणे विचारले. त्या वेळी आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण झाली व उत्तरादाखल त्यांचे चरित्र आम्ही त्याला सांगितले. तेच येथे देतो. बाईंचे चरित्र आपल्या मंडळ्यांत ठाऊक नाही असे नाही. पण ते बहुधा विद्वत्तेसाठी व विश्वासासाठी सांगितले जाते, आणि त्यातील ही बाजू राहून जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले व त्यापायी पुष्कळ छळ सोसला. आई लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. पुढे दुष्काळात आईबाप व बहीण थोड्याच अवधीत अन्नावाचून गेली, आणि रमाबाई व भाऊ श्रीनिवासशास्त्री पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच साली बिपिन बिहारी दास यांच्याशी विवाह झाला, १८८१ त मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी पुढे जन्म वेचला त्यांचे दुःख त्यांना कोणाच्या वहीतून वाचावे लागले नाही.

१८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ त विलायतेस गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला, त्याच्याकडे आम्ही शेवटी वळू.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि आपल्या देशातील विधवांसाठी शाळा काढण्याचा विचार त्यांनी तेथील लोकांपुढे मांडला. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन शहरी अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ह्या संघाने शाळेस दहा वर्षे पोसण्याचा करार केला. गावोगावी रमाबाईंच्या नावाची मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यावा असा नियम होता. म्हणजे हा पैसा कोणा एका धनिकाचा नव्हता, तर हजारो साध्या माणसांनी थोडा थोडा दिलेला होता, आणि देणाऱ्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक होते. म्हणून दोन गोष्टी प्रथमच ठरल्या. एक ही की, पैशाचा हिशेब दरवर्षी छापून सर्वांपुढे ठेवावा. संघाचे वार्षिक अहवाल खजिनदाराच्या हिशेबासह निघत असत. दुसरी ही की, शाळेत कोणाच्या धर्मात हात घालू नये.

ह्या कराराने बांधलेले शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ उघडले, व पुढच्या वर्षी पुण्यास गेले. सदनात मुलींनी आपला आचार पाळावा, आपली पूजा करावी, अशी मोकळीक होती. बाई स्वतः ख्रिस्ती होत्या व ते त्यांनी कधी झाकले नाही. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत व खोलीचे दार उघडे असे. रानडे, भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळात बसले, ते ह्या शब्दावर विसंबून.

आणि येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबतो. सदन उघडून वर्षही भरले नव्हते. १८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात मजकूर आला की, सदनात सात तरुण विधवा आहेत व त्यांपैकी दोघींनी ख्रिस्ती धर्माविषयी प्रेम दाखविले आहे. लिहिणाराने व छापणाराने तो आनंदाचा समाचार म्हणूनच छापला असेल. असे समाचार आमच्याही पत्रांत किती आवडीने छापले जातात! परंतु तो अंक समुद्र ओलांडून पुण्यास आला, केसरीने तो मजकूर लोकांपुढे मांडला, आणि सात मुलींच्या त्या लहानशा घराभोवती संशयाचे वादळ उठले. नावे छापली नव्हती हे खरे, पण सातांत दोन कोण हे शोधावयास कोणास फार श्रम पडणार? त्या मुलींना आईबाप होते, सासरे होते, दीर होते. ज्या पोरीने मनातला एखादा शब्द, कदाचित पुरता न उमललेला, कोणा मायेच्या माणसाजवळ काढला, तो शब्द तिला न विचारता परदेशी वर्तमानपत्राच्या पानावर गेला. तो शब्द तिचा होता. सदनाचा नव्हता, संघाचा नव्हता, आणि आम्हांस भीतभीत म्हणावेसे वाटते की मंडळीचाही नव्हता.

हे आम्ही उंच आसनावरून लिहीत नाही. आमच्या पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत एका गावी एका विधवा बाईने आपल्या घरातील एक लाजिरवाणी गोष्ट आम्हांस सांगितली. त्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत, तिच्यासाठी प्रार्थना व्हावी ह्या हेतूने, आम्ही ती गोष्ट नाव न घेता मांडली. तीस घरांचे गाव. दुसऱ्या रविवारी ती आली नाही, आणि पुढेही आली नाही. आमचा हेतू चांगला होता, हे समाधान तिच्या काही उपयोगी पडले नाही.

पुण्यातील वादळ १८९३ साली पुरते फुटले. बाईंच्या उघड्या दारातून काही मुली प्रार्थनेस येऊन बसू लागल्या होत्या. बाई त्यांना बोलावीत नसत आणि घालवूनही देत नसत. सल्लागार मंडळाचे म्हणणे असे पडले की, पालकांनी ज्या शब्दावर मुली धाडल्या तो शब्द अशाने राहत नाही. त्या वर्षी ऑगस्टात रानडे, भांडारकर प्रभृतींनी जाहीरपणे राजीनामे दिले, आणि पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या. आमच्या पुष्कळ पुस्तकांत ही गोष्ट केवळ विरोधकांच्या दुष्टाव्याची म्हणून सांगितली जाते. आम्हांस तसे वाटत नाही. जिच्या हातात अन्न, वस्त्र आणि विद्या आहे तिच्या खोलीचे दार उघडे असले, तर आश्रित मुलीला ते उघडे दार आणि बोलावणे सारखेच वाटू शकते. पुढे १८९५ साली सदनातील काही मुलींचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा टीकाकारांची भीती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. उलट, सज्ञान स्त्रीच्या विवेकाला कोंडण्याचा अधिकार बाईंनाही नव्हता, हेही तितकेच खरे. ह्या दोहोंच्या मध्ये बाई उभ्या होत्या.

त्यांच्या बाजूने मोठी गोष्ट ही की त्यांनी लपवालपव केली नाही. बॉस्टनहून संघाच्या मिसेस अँड्र्यूज स्वतः चौकशीला आल्या. त्यांनी सर्व पाहिले, आणि संघाचा बाईंवरील विश्वास कायम राहिला. आणखी एक साक्ष पुण्यातच होती. सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. इतकी वर्षे बाईंच्या छायेत राहून ती हिंदूच राहिली, आणि ज्या वर्षी हे सारे पेटले त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पुढे आनंदीबाई कर्वे ह्या नावाने तिने माझे पुराण हे आपले आत्मचरित्र लिहिले. आपली कथा आपण सांगणे आणि ती दुसऱ्याने सांगणे ह्यांत केवढे अंतर आहे!

१८९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या. आपल्या आईबापांचे मरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सरकारी अन्नछत्रांच्या आसपास अनाथ मुलींना पळविणारे लोक घिरट्या घालतात हे त्यांनी पाहिले व लिहिले. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या जमिनीवर राहुट्या ठोकल्या. ही जमीन पुढील निर्वाहासाठी फळबाग करावी म्हणून आधीच घेतलेली होती. येथेच मुक्तिसदन झाले. ते उघडपणे ख्रिस्ती होते, आणि म्हणून बाईंनी त्याचे काम शारदासदनाच्या कामापासून निराळे ठेवले. एका शब्दावर मिळालेला पैसा दुसऱ्या कामात घातला नाही.

त्याच वर्षीची एक गोष्ट विसरता येत नाही. प्लेगच्या बंदोबस्तात त्यांच्याकडील एक मुलगी इस्पितळात नेली गेली आणि ती परत आली नाही. तीनशे जणींची भाकर कोठून आणावी ही विवंचना असताना एका मुलीचा पत्ता लागत नाही म्हणून सरकारशी कोण भांडेल? बाई भांडल्या. मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या गार्डियन पत्रात प्लेगच्या इस्पितळातील अव्यवस्था व त्या मुलीची झालेली दशा उघड लिहिली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने ती तक्रार खोटी ठरविली. बाई मागे हटल्या नाहीत. ह्यावरून दिसते की, झाकणे हा सर्व काळचा नियम नव्हे. ज्याने आश्रिताचे रक्षण होते ते झाकावे, आणि झाकल्याने ज्याचा फायदा जुलूम करणारास होतो ते बोलावे. पुष्कळदा आपण नेमके उलटे करतो. बाईमाणसाची कुजबूज गावभर जाते, आणि पाटलाचा किंवा कारभाऱ्याचा अपराध मात्र शांतीच्या नावाखाली वहीतही चढत नाही.

केडगावच्या पुढील वर्षांविषयी थोडक्यात लिहितो. १८९८ साली दहा वर्षांचा करार संपला, तेव्हा बाई अमेरिकेस जाऊन संघाला समक्ष भेटल्या. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर केडगावी राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांवर गेली. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, आणि पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अशी निरनिराळी घरे झाली. १९२१ त मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही निवर्तल्या. त्यांनी स्वतः केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या मागे पुरे छापून निघाले.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजसेवेचे उच्च शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे आपल्या अमेरिकन मराठी मिशनचेच गृहस्थ होते. आज अशा शाळांत विद्यार्थ्यांना शिकवितात की, ज्याची हकीकत लिहावयाची त्याला आधी विचारावे, कामापुरतेच लिहावे, ऐकलेले व पाहिलेले वेगळे मांडावे, आणि कागद कुलपात ठेवावा. मानपाड्याच्या बंधूला आम्ही इतकेच सांगितले की, आता दोन वह्या करा. तांदळाची व पैशाची वही पंचांपुढे उघडी राहू द्या, आणि दुसरी पेटीत ठेवा. त्यावर त्याने विचारले की, मी मेल्यावर त्या दुसऱ्या वहीचे काय? प्रश्न आम्ही योजिला होता त्याहून खोल होता.

कारण बाईंच्या बाबतीत तेच झाले. वाँटेजच्या मठाशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन ह्यांनी जपून एकत्र केला होता. त्यात धर्ममतांवरील वाद आहेत, राग आहे, दुखावलेले मन आहे, मनोरमेला कसे वाढवावे ह्यावरचा तंटा आहे. १९७७ साली तो मुंबईत ग्रंथरूपाने छापला गेला, आणि आज तो कोणालाही वाचता येतो. आम्हीही वाचला, आणि त्यामुळे बाई आम्हांस अधिक खऱ्या दिसल्या हे नाकारीत नाही. तरीही काही पाने उलटताना आपण कोणाच्या खोलीत न विचारता शिरलो आहो असे वाटून आम्ही पुस्तक मिटले आहे. मानपाड्याच्या बंधूला त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून धाडलेले नाही. त्याने मात्र कळविले आहे की, जुन्या वहीतील ज्या घरांची माणसे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन, तुमच्याविषयी हे लिहिले आहे, ठेवू की फाडू, असे तो विचारीत आहे. आणि आजवर चार घरी फाडले, दोन घरी ठेवले, व एका घरी म्हातारीने चूक दाखवून आपल्यासमोर दुरुस्त करून घेतले.