राजा दीनदयाळ आणि आपले जुने फोटो



मागच्या गणेशोत्सवानंतर आपल्या वसाहतीच्या जुन्या दिवसांचे फोटो जमवायचे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे कागद जमवणे, तारखेप्रमाणे लावणे आणि ताळा घेणे आम्हाला जमते, असा सगळ्यांचा समज आहे. आम्ही उभयता बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा असे घरोघरी फिरलो. चहा पुष्कळ झाला, फोटोही पुष्कळ मिळाले. बारशी, मुंजी, डोहाळजेवणे, हळदीकुंकू, सगळे होते. फक्त बरखेडा नव्हता. फोटोत माणसे होती, त्यांच्या मागची जागा मात्र कुणी मुद्दाम टिपलेली नव्हती.

शेवटी एका अल्बममध्ये मुलाच्या वाढदिवसाचा फोटो मिळाला. केकच्या मागे उघडी खिडकी होती आणि खिडकीतून क्वार्टर्सची एक रांग, कुंपणाची मेंदी आणि गुलमोहराचे कोवळे रोप दिसत होते. ती रांग आता नाही. गुलमोहर वाढला, म्हातारा झाला आणि तोही गेला. फोटोच्या मागे साल लिहिलेले नव्हते. तारीख नसलेला चेक जसा काउंटरवरून परत करावा लागतो, तशी त्या फोटोची अवस्था झाली. त्या दिवशी आम्हाला राजा दीनदयाळ आठवले. आपल्या या माळव्याच्या भागातल्या वास्तू त्यांच्याइतक्या नेटाने त्या काळी फार थोड्यांनी टिपल्या. म्हणून आज त्यांच्याविषयी.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले. आजची रुडकीची आयआयटी ती हीच. मोजमाप, आराखडे, पूल, रस्ते, कालवे हे तिथले शिक्षण. १८६६ साली ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच नोकरदार माणूस. ठरलेली वेळ, ठरलेला पगार आणि टेबलावर नकाशे.

इंदूर तेव्हा होळकरांचे. महाराज तुकोजीराव दुसरे गादीवर होते. शहरात मराठी कुटुंबांचे वाडे, देवळे आणि मधोमध सात मजली राजवाडा. १८७० नंतरच्या दशकात दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला. आधी ती नोकरी सांभाळून जोपासलेली हौस होती. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. इंदूरचे डेली कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे, ते हेच. तुकोजीरावांनीही आश्रय दिला.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे एक स्वारीच असे. कॅमेरा लाकडी पेटीएवढा, नकारात्मक प्रत काचेवर. काचेला कोलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. त्यासाठी अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी बरोबर न्यावे लागे. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हे काम थोडे सोपे झाले. तरी ओझे काचेचेच. बैलगाडीला एक जोराचा धक्का बसला की दिवसभराची मेहनत फुटली. शिवाय माणूस हलला की चित्र पुसट व्हायचे. इमारत मात्र हलत नाही. मापे घेण्यात मुरलेल्या या माणसाला इमारती आवडल्या, यात नवल नाही.

१८८०च्या दशकात सर लेपेल ग्रिफिन मध्य भारतात एजंट होते. १८८२-८३ साली ते बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा दीनदयाळ यांना बरोबर नेले. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो, सांची अशा ठिकाणांचे फोटो या सुमारास जमले. त्यांतल्या निवडक फोटोंचे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचे पुस्तक १८८६ साली ग्रिफिन यांच्या नावाने निघाले. मजकूर ग्रिफिन यांचा, फोटो दीनदयाळ यांचे.

त्या फोटोंत एक शिस्त दिसते. कॅमेरा सरळ लावलेला, इमारतीची उभी रेघ उभीच राहते. ऊन अशा बाजूने घेतलेले की कोरीव काम उठून दिसावे. पुष्कळदा एखादा माणूस दाराशी किंवा खांबाशी उभा केलेला. तो शोभेसाठी नाही. त्याच्या उंचीवरून दाराची उंची कळावी, हा त्याचा उपयोग. ड्राफ्ट्समन माणूस पट्टी विसरत नाही.

आता सांचीबद्दल थोडे सविस्तर. आपल्यापैकी प्रत्येकजण पाहुण्यांना घेऊन तिथे गेलेला आहे. भोपाळहून तासा-सव्वातासाची वाट. हिरवळ, नीट रस्ते, चार उभी तोरणे, स्तूपाच्या माथ्यावर छत्री. आपल्याला वाटते, हे असेच दोन हजार वर्षे उभे आहे. तसे नाही.

१८१८ साली जनरल टेलर यांनी सांचीची नोंद केली, तेव्हा टेकडी झाडाझुडपांत होती आणि दक्षिणेचे तोरण आधीच कोसळलेले होते. पुढे १८२२ साली ठेवा मिळेल या आशेने मोठा स्तूप वरून खाली फोडण्यात आला. त्यामुळे मोठे खिंडार पडले आणि पश्चिमेचे तोरणही ढासळले. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेझी यांनी पुन्हा खोदले. त्यानंतर १८८१च्या सुमारास मेजर कोल यांनी झाडी काढली, खिंडार बुजवले आणि पडलेली तोरणे पुन्हा उभी केली. दीनदयाळ यांचा कॅमेरा सांचीला पोचला तो नेमका या दशकात.

त्यानंतर १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी आज आपण पाहतो ती सांची घडवली. माथ्यावरचा कठडा आणि छत्री, जिन्यांचे कठडे, शेजारच्या तिसऱ्या स्तूपाचा घुमट, हे सगळे त्या वेळी पुन्हा बसवले गेले. या कामाचा मोठा खर्च भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या दरबाराने उचलला. म्हणून दीनदयाळ यांच्या काळचा सांचीचा फोटो आणि आजचे दृश्य शेजारी ठेवले की मधली पायरी दिसते. झाडी गेलेली, तोरणे उभी झालेली, पण माथा अजून बोडका. कोणी काय केले आणि कधी केले, याची ती पावतीच आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या काळच्या एका फोटोची छापील प्रत घेऊन सांचीला गेलो. फोटो जिथून घेतला असावा, ती जागा शोधायला अर्धा तास लागला. दोन पावले डावीकडे, एक मागे, असे करता करता तोरणाचा खांब आणि घुमटाची कड अगदी जुळली. तिथे उभे राहिल्यावर सौ. काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. कुणीतरी एकशे चाळीस वर्षांपूर्वी याच चार फूट जागेत तिपाई रोवली होती, एवढेच मनात होते.

ग्वाल्हेरची गोष्टही तशीच. तिथला किल्ला १८८६ साली इंग्रजांनी शिंद्यांना परत दिला. त्याआधी तिथे इंग्रजांची छावणी होती. त्या वर्षांतले किल्ल्याचे फोटो म्हणजे एका राजवटीचा शेवटचा ताळेबंद.

पुढे दीनदयाळ यांनी आधी लांब रजा घेतली आणि मग पेन्शन घेऊन नोकरीला रामराम केला. सरकारी नोकरी सोडणे तेव्हाही सोपे नव्हते. ते निजामाच्या राज्यात गेले. सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला मोठा स्टुडिओ निघाला. १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला. निजामाने राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. १८९६ साली मुंबईत स्टुडिओ निघाला. दुसऱ्या वर्षी व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली.

निजामाच्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. वेरूळची लेणी, दौलताबाद, औरंगाबादचा बीबी का मकबरा हे सारे त्यांनी टिपले. आपल्यापैकी ज्यांची मुळे तिकडची आहेत, त्यांच्या पणजोबांनी पाहिलेले गाव त्या फोटोंच्या कडेला कुठेतरी असेल.

हैदराबादच्या फोटोंचे मोल तर एका रात्रीत वाढले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुशी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली आणि नदीकाठचे शहर वाहून गेले. पुरापूर्वीचा तो काठ, ती घरे आणि ते पूल आता जुन्या फोटोंतच उरले आहेत. दीनदयाळ यांनी ते टिपले तेव्हा पूर येणार हे कुणाला ठाऊक होते?

तो पूर पाहायला ते स्वतः नव्हते. त्यांचा धाकटा मुलगा धरमचंद १९०४ साली वारला आणि ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळही गेले. थोरले ग्यानचंद यांनी १९१९ पर्यंत काम चालवले. नंतर व्यवसाय आटत गेला. हजारो काचा होत्या, काही फुटल्या, काही विखुरल्या. उरलेल्या कुटुंबाने सांभाळल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतल्या २,८५७ काचा घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. योगायोग असा की १९८९ हेच सांची जागतिक वारसा यादीत गेल्याचे साल.

मंडळी, हे सगळे सांगायचे कारण एवढेच. दीनदयाळ यांनी राजेरजवाडे टिपले, व्हाइसरॉय टिपले. पण त्यांचे फोटो आज कामाला येतात, ते मागच्या भिंतीसाठी, झाडांसाठी, रिकाम्या माथ्यासाठी. आणि ते कामाला येतात, कारण कुणीतरी काचा टाकून दिल्या नाहीत.

आपला बरखेडा काही सांची नाही. हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना १९५६ची, म्हणजे सत्तरीच्या घरातली ही वसाहत. नागपूरहून, पुण्याहून, खानदेशातून आलेल्या माणसांनी इथे संसार मांडले. आता क्वार्टर्स रिकामी होत आहेत, रांगा पडत आहेत, मुले बेंगळुरूला आणि परदेशी आहेत. आणखी वीस वर्षांनी आपली नातवंडे विचारतील की आजोबा, तुम्ही राहायचात ते घर कुठे होते, तेव्हा बोट दाखवायला भिंतही नसेल.

तेव्हा विनंती अशी. कपाटातले अल्बम एकदा उघडा. वाढदिवसाच्या, हळदीकुंकवाच्या फोटोंत मागे काय दिसते, ते पाहा. जिना, नळ, सायकल, शेजाऱ्यांची तुळस, जे असेल ते. आठवेल तेवढे साल, क्वार्टरचा प्रकार आणि रस्ता, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने मागे लिहा. नक्की आठवत नसेल तर सुमारे असे लिहा, चालेल. मूळ फोटो तुमच्याकडेच राहतील, आम्ही प्रत करून परत देऊ. आणि घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांना आजच विचारा, कारण फोटोपेक्षा आधी तीच माहिती आपल्या हातून निसटते आहे.

वाढदिवसाच्या त्या फोटोचे साल शेवटी मिळाले. तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. केकवरच्या मेणबत्त्या मोजल्या, चार होत्या.