आपल्या डहाणूचे कापरेकर सर आणि ६१७४



बोईसरहून लोकलने निघालात की वाणगावनंतर डहाणू रोड येतं. या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. खरं सांगते, डी.एड. करून याच जिल्ह्यात शिकवायला लागले तरी कित्येक वर्षं मला हे माहीत नव्हतं.

सर आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. शाळा सांभाळून उरलेला वेळ संख्यांना!

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. तुम्हीही वही घ्या. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि मग तिथून हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

सरांचंच जन्मसाल घेऊ, १९०५. ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात! आपला पालघर जिल्हा झाला ते २०१४ सालही करून बघा, त्यालाही सातच लागतात.

डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो. त्यावरून सरांनी काही संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. नऊ वेळा १ लिहून वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, ती त्यातलीच एक.

देशातले बरेच गणितज्ञ मात्र याला पोरखेळ समजायचे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून सर शिकवण्या घेत होते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. सर तेव्हा सत्तरीचे. १९८६ मध्ये ते गेले.

माझ्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीला कंटाळणारी मुलं हा खेळ मधल्या सुट्टीतही करत बसली. एकाने २१११ घेतली. २१११ − १११२ = ९९९, मग ९९९ − ९९९ = ०. म्हणाला, बाई, सरांचं चुकलं! मी दोन मिनिटं गप्पच. मग लक्षात आलं, ९९९ च्या आधीचं शून्य त्याने टाकून दिलं होतं. ०९९९ लिहून पुन्हा करायला सांगितलं. ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.